बुश कविता: जुन्या पुस्तकात शोधा, मोठ्यानं म्हणा

ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅटला राहायला आल्यावर दुसऱ्या हिवाळ्यात मला एका ऑप शॉपमध्ये तिथल्या ए. बी. पॅटरसन या कवीच्या कवितासंग्रहाची जुनी प्रत मिळाली. ऑप शॉप म्हणजे लोकांनी दान केलेल्या वस्तू विकून समाजकार्यासाठी पैसे उभे करणारं दुकान. कापडी पुठ्ठा, उन्हानं फिकट पडलेला कणा, किंमत चार डॉलर. पुस्तक हातात धरलं तसं ते आपसूक एका पानावर उघडलं. त्या पानाच्या कडा बोटांच्या तेलकटपणानं पिवळ्या झाल्या होत्या आणि दर दुसऱ्या ओळीच्या शेवटी पेन्सिलीनं ओढलेली एक बारीक तिरपी रेघ होती. बाकीची पानं कोरी. या रेघा कसल्या, ते मला घरी येऊनही उमगलं नाही. काही महिन्यांनी एका मेळाव्यात तीच कविता एका वयस्कर शेतकऱ्याच्या तोंडून ऐकली, तेव्हा कळलं. त्या श्वास घेण्याच्या जागा होत्या.

ऑस्ट्रेलियाची बुश कविता ही म्हणायची कविता आहे. छापील पानावर ती कधी कधी साधी, अगदी शाळकरीही वाटते आणि आपल्याकडचा चोखंदळ वाचक ती चाळून बाजूला ठेवतो. मीही तेच केलं होतं. पोवाडा नुसता डोळ्यांनी वाचला तर काय हाती लागणार? तसंच हे आहे. म्हणून खाली जो मार्ग सांगतो आहे त्यात पुस्तक शोधणं आणि कविता तोंडी करणं या दोन्ही गोष्टी एकत्र आहेत. एक करून दुसरी सोडली तर अर्धंच मिळेल.

आधी एवढी ओळख पुरे

'बुश' म्हणजे शहराबाहेरचा सगळा मुलूख: माळरान, जंगल, कोरडा प्रदेश, मेंढ्यांची आणि गुरांची कुरणं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे राबणारी माणसं, म्हणजे गुरं हाकणारे, मेंढ्यांची लोकर कातरणारे, कामाच्या शोधात पायी फिरणारे, रात्री शेकोटीभोवती गाणी आणि पद्यं म्हणत. त्याच वळणाची कविता छापून देशभर पोचवण्याचं मोठं श्रेय १८८० साली सिडनीत सुरू झालेल्या 'द बुलेटिन' या साप्ताहिकाला जातं. पुढे अँगस अँड रॉबर्टसन या सिडनीच्याच प्रकाशकांनी त्या कवितांची पुस्तकं केली.

दोन नावं सतत भेटतील. पहिलं अँड्र्यू बार्टन पॅटरसन (१८६४ ते १९४१). व्यवसायानं सिडनीतला वकील, वाढलेला मात्र घोड्यांच्या संगतीत. 'द बँजो' हे टोपणनाव त्यानं घरच्या एका घोड्यावरून घेतलं. १८९५ साली आलेलं त्याचं 'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर अँड अदर व्हर्सेस' हे पुस्तक आठवड्याभरात संपलं आणि काही महिन्यांत त्याच्या ७,००० प्रती खपल्या. दुसरं नाव हेन्री लॉसन (१८६७ ते १९२२). गरिबीत वाढलेला, लहानपणीच ऐकू येणं कमी होत गेलेला आणि चौदाव्या वर्षापासून जवळजवळ बहिरा. ज्याला स्वतःला नीट ऐकू येत नव्हतं त्याच्या ओळी आज लोक आवाज लावून म्हणतात, हे मला दर वेळी आत कुठेतरी लागतं.

ऑस्ट्रेलियात राहत असाल तर खिशातली १० डॉलरची नोट काढून बघा. तिच्यावर पॅटरसन आहे, आणि भिंगातून पाहिलंत तर अतिसूक्ष्म अक्षरांत त्याच्या कवितेच्या ओळी छापलेल्या दिसतील. १९६६ साली निघालेल्या पहिल्या १० डॉलरच्या कागदी नोटेवर लॉसन होता.

'स्टेशन' म्हणजे रेल्वे स्टेशन नव्हे

पहिली अडचण शब्दांची. इंग्रजी उत्तम येत असूनही इथे पाय अडकतो, कारण शब्द ओळखीचे असतात आणि अर्थ निराळा. 'स्टेशन' म्हणजे हजारो एकरांचं पशुपालनाचं रान, त्यात मालकाचं घर, कामगारांच्या खोल्या, लोकर कातरण्याची शेड. 'मॉब' म्हणजे गुरांचा किंवा घोड्यांचा कळप. 'स्क्वॉटर' म्हणजे झोपडपट्टीतला माणूस नव्हे. इथे तो बडा जमीनदार आहे. 'बिली' म्हणजे शेकोटीवर चहा उकळायचा पत्र्याचा डबा, 'स्वॅग' म्हणजे पाठीवरची वळकटी, 'ड्रोव्हर' म्हणजे शेकडो मैल गुरं हाकत नेणारा, 'ब्रंबी' म्हणजे रानटी झालेला घोडा. 'वॉल्ट्झिंग मटिल्डा' या गाण्यात नाचही नाही आणि बाईही नाही. वळकटी पाठीवर टाकून भटकायचं, एवढाच त्याचा अर्थ. ते गाणं पॅटरसननं १८९५ साली क्वीन्सलंडमध्ये विंटनजवळच्या डॅगवर्थ स्टेशनवर लिहिलं. चाल क्रिस्टिना मॅकफर्सन हिनं वाजवून दाखवलेल्या सुरावरून आली.

असे पंचवीस-तीस शब्द वहीच्या एका पानावर लिहून घ्या. अनेक जुन्या संग्रहांच्या शेवटी छोटा शब्दार्थकोश असतो. पुस्तक निवडताना तो आहे का, ते बघा.

पुस्तक कुठे शोधायचं

घराजवळच्या ऑप शॉपपासून सुरुवात करा. व्हिनीज, सॅल्व्होज यांसारख्या संस्थांची दुकानं जवळजवळ प्रत्येक गावात आहेत आणि बहुतेकांत पुस्तकांचं एक तरी कपाट असतं. कवितांचा वेगळा कप्पा नसेल तर 'ऑस्ट्रेलियाना' अशी पाटी लावलेल्या कप्प्यात बघा. तिथेही नसेल तर लहान मुलांच्या पुस्तकांत. 'मल्गा बिल्स बायसिकल' या पॅटरसनच्या कवितेचं किल्मेनी आणि डेबोरा नायलँड यांनी चितारलेलं १९७३ चं चित्रपुस्तक मला तिथेच मिळालं. मुलांसोबत सुरुवात करणाऱ्यांना याहून चांगलं पुस्तक मला माहीत नाही. चित्रकार प्रो हार्ट यांच्या चित्रांसह सत्तरच्या दशकात निघालेले पॅटरसनचे आणि लॉसनचे मोठ्या आकाराचे संग्रहही अशा दुकानांत बरेचदा सापडतात.

दुसरी जागा म्हणजे लाइफलाइन या संस्थेचे पुस्तकमेळे. ब्रिस्बेन आणि कॅनबेरा इथले प्रसिद्ध आहेत. टेबलांच्या लांबच लांब रांगा असतात, त्यामुळे आधी नकाशा बघून कवितांचं टेबल गाठा. घाई पहिल्या दिवशी असते, आणि शेवटच्या दिवशी किमती उतरतात. आपल्याला दुर्मिळ आवृत्ती नको आहे, तेव्हा शेवटचा दिवस सोयीचा.

तिसरी, व्हिक्टोरिया राज्यातलं क्लून्स. बॅलरॅटच्या उत्तरेला असलेलं हे सोन्याच्या खाणींचं जुनं गाव आता पुस्तकांचं गाव म्हणून ओळखलं जातं. सातारा जिल्ह्यातलं भिलार ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कल्पना ओळखीची वाटेल, फक्त भिलारला आपण बसून वाचतो आणि इथे विकत घेतो. क्लून्सच्या पुस्तकोत्सवात देशभरातले जुन्या पुस्तकांचे विक्रेते येतात. त्यांच्याशी बोला. "मला पाठ करून म्हणायला पुस्तक हवंय," असं सरळ सांगा. मी एकदा सांगितलं, तर विक्रेत्यानं टेबलावरची महागडी प्रत बाजूला सारली, खालच्या खोक्यातून झिजलेली एक प्रत काढली आणि म्हणाला, "हे घ्या, हिची अक्षरं मोठी आहेत."

महाराष्ट्रात बसून शोधणाऱ्यांनी टपालखर्चात पडू नये. पॅटरसन आणि लॉसन यांची जुनी पुस्तकं प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट वाचता येतात. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाच्या 'ट्रोव्ह' या संकेतस्थळावर जुनी वर्तमानपत्रं आहेत, 'बुलेटिन'चे अंकही आहेत. कविता ज्या पानावर, ज्या जाहिरातींच्या शेजारी पहिल्यांदा छापली गेली ते पान तसंच्या तसं समोर येतं.

हातात घेतल्यावर काय पाहायचं

आधी वास घ्या. ओलसर, कोंदट वास आला तर बुरशी आहे; अशी प्रत कितीही स्वस्त असली तरी घरातल्या बाकीच्या पुस्तकांत नेऊ नका. पानांवरचे तपकिरी ठिपके हा वयाचा परिणाम, त्यांचं भय नको. कणा सैल असेल तर चालेल, पानांचे जुडगे सुटलेले असतील तर नको.

मग पुस्तक टेबलावर कण्यावर उभं धरा आणि हळूच सोडा. ते कुठल्या पानावर उघडतं ते बघा. आधीच्या मालकानं जे पुन्हा पुन्हा वाचलं तिथे बांधणी सैलावलेली असते. आतल्या पुठ्ठ्यावर शाळेचं बक्षीसपत्र चिकटवलेलं असेल तर त्यावरचं वर्ष आणि बक्षिसाचं कारण वाचा. पाठांतराच्या किंवा वक्तृत्वाच्या बक्षिसात मिळालेली प्रत असेल तर ती कोणी तरी नक्की मोठ्यानं म्हटलेली असणार. माझ्या लेखी अशी प्रत पहिल्या आवृत्तीपेक्षा मोलाची. संग्राहक आणि व्यापारी वेगळं सांगतील, पण त्यांची गरज वेगळी आहे.

आवृत्तीची पानं पाहायला मात्र विसरू नका. कवीच्या एखाद्या संग्रहाचं पुनर्मुद्रण आणि त्याच्या समग्र कविता यांत फरक असतो. पहिल्यांदा घेणाऱ्यानं समग्र घ्यावं. पॅटरसनच्या एकत्रित कवितांचं पुस्तक १९२१ साली निघालं आणि नंतर ते पुन्हा पुन्हा छापलं गेलं, त्यामुळे ते सहज मिळतं.

कुठून सुरू करायचं

पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचू नका, कंटाळा येईल. मी आता नवख्या मित्रांना जो क्रम सुचवते तो असा.

पहिली, पॅटरसनची 'क्लॅन्सी ऑफ दि ओव्हरफ्लो' (१८८९). शहरातल्या कचेरीत बसलेल्या माणसानं 'ओव्हरफ्लो' नावाच्या स्टेशनवरच्या ओळखीच्या क्लॅन्सीला पत्र धाडलेलं असतं. उत्तर येतं ते तिथल्या दुसऱ्याच कोणा मजुराचं, मोडक्या इंग्रजीत: क्लॅन्सी गुरं घेऊन क्वीन्सलंडला गेलाय, कुठे आहे ठाऊक नाही. ते पत्र डांबरात बुडवलेल्या अंगठ्याच्या नखानं लिहिल्यासारखं दिसतं, असं कवी म्हणतो. लोकर कातरताना मेंढीला कापलं तर जखमेवर डांबर लावत, म्हणून डांबराचा डबा शेडमध्ये हाताशी असे. हे कळलं की ती ओळ एकदम जिवंत होते. गाव सोडून मुंबई-पुण्यात, किंवा त्याहून लांब, नोकरीला गेलेल्या कोणालाही ही कविता परकी वाटणार नाही.

दुसरी, लॉसनची 'द बॅलड ऑफ द ड्रोव्हर'. तरुण हॅरी डेल महिनोन्महिने गुरं हाकून घरी निघालाय, वाटेत नदीला पूर येतो. छोट्या ओळी, सरळ गोष्ट. शेवट मी इथे सांगत नाही.

तिसरी, 'जॉन ओब्रायन' या नावानं लिहिणाऱ्या फादर पॅट्रिक हार्टिगन यांची 'सेड हॅनरहन', त्यांच्या १९२१ च्या 'अराउंड द बोरी लॉग' या संग्रहातली. चर्चबाहेर जमलेले शेतकरी, पाऊस नाही म्हणून चिंतेत. पाऊस येतो, तर अतिवृष्टीची चिंता. गवत माजतं, तर वणव्याची. हॅनरहन दर वेळी एकच सांगतो: आपण सगळे बुडणार. पारावर बसलेली आपली माणसं डोळ्यांसमोर येतात.

मग १८९२ चा 'बुलेटिन'मधला वाद. लॉसननं एका कवितेत लिहिलं की बुशचं गोडगोड वर्णन खोटं आहे, तिथे धूळ, माश्या आणि हाल आहेत. पॅटरसननं दोनच आठवड्यांत 'इन डिफेन्स ऑफ द बुश' लिहून उत्तर दिलं. दोन्ही कविता समोरासमोर ठेवा आणि दोन आवाजांत वाचा, घरात दोघं असाल तर वाटून घ्या. माझा कल लॉसनकडे आहे. दुष्काळ जवळून पाहिलेला माणूस त्याच्या बाजूनंच उभा राहील असं मला वाटतं.

आणि एक गोष्ट आपल्यासारख्या वाचकानं डोळे उघडे ठेवून जाणून घ्यावी. याच 'बुलेटिन'च्या शीर्षकाखाली १९०८ पासून १९६० पर्यंत 'ऑस्ट्रेलिया गोऱ्यांसाठी' अशा अर्थाचं ब्रीद छापलं जात होतं. या कवितांत मूळ रहिवासी क्वचित दिसतात, आणि दिसतात तेव्हा अनेकदा तुच्छतेनं. चिनी आणि आशियाई माणसांचंही तसंच. गावोगाव फिरणारे भारतीय फेरीवाले त्या काळच्या बुशमध्ये होते, हेही विसरायला नको. अशा ओळी मी म्हणत नाही, मुलांपुढे आल्या तर थांबून बोलते. कवितेवरचं प्रेम त्यानं कमी झालेलं नाही, पण डोळेझाक करून केलेलं प्रेम मला नको आहे.

ठेका: चार ठोके आणि एक मोकळी जागा

आता गाभ्याकडे. मराठीत आपण लघु-गुरू मोजतो, मात्रा मोजतो. इंग्रजी पद्याची चाल आघातावर चालते: कुठलं अक्षर जोरानं उच्चारायचं आणि कुठलं हलकं सोडायचं. आपली सवय प्रत्येक अक्षराला सारखं वजन द्यायची, आणि तिथेच या कविता आपल्या तोंडी सपाट होतात. उच्चार मराठी वळणाचा असला तर काहीही बिघडत नाही. आघात चुकला तर मात्र सगळं बिघडतं.

'द मॅन फ्रॉम स्नोई रिव्हर'ची (१८९०) पहिली ओळ घ्या: देअर वॉज मूव्हमेंट ॲट द स्टेशन, फॉर द वर्ड हॅड पास्ड अराउंड. उच्चारातले तुकडे मोजले तर पंधरा होतात. मांडीवर हात ठेवा आणि फक्त चार ठिकाणी थाप मारा: 'मूव्ह', 'स्टे', 'वर्ड', 'राउंड'. म्हणजे तिसरा, सातवा, अकरावा आणि पंधरावा तुकडा. मधलं सगळं हलकं, घाईनं. दहा वेळा म्हणा, घोड्याच्या टापा ऐकू येतील.

दुसरी ओळ: दॅट द कोल्ट फ्रॉम ओल्ड रिग्रेट हॅड गॉट अवे. अकरा तुकडे, थापा तीनच: 'कोल्ट', 'ग्रेट', 'वे'. चौथी थाप पडायची जागा रिकामी आहे. मांडीवर हात तिथेही पडू द्या, तोंड मात्र मिटलेलं ठेवा. तबल्यातल्या खालीसारखी ही जागा आहे आणि श्वास इथेच घ्यायचा. माझ्या प्रतीत पेन्सिलीची रेघ नेमकी तिथे होती. ती जागा गिळून पुढच्या ओळीवर उडी मारली की तिसऱ्या कडव्यापर्यंत दम संपतो; मी स्वतः तसं करून पाहिलं आहे.

कानाला वळण लागावं म्हणून अभिनेते जॅक थॉम्पसन आणि लेनर्ड टील यांची ध्वनिमुद्रणं ऐका. थॉम्पसन यांनी १९८२ च्या 'स्नोई रिव्हर' चित्रपटात क्लॅन्सीची भूमिकाही केली होती. ऐका, पण नक्कल करू नका.

पाठ कसं करायचं

सुरुवातीला शंभराहून अधिक ओळींची 'स्नोई रिव्हर' घेऊ नका. 'ड्रोव्हर' घ्या किंवा पॅटरसनची 'द मॅन फ्रॉम आयर्नबार्क', सिडनीच्या न्हाव्यानं खेड्यातल्या माणसाची केलेली थट्टा आणि तिचा उलटलेला परिणाम. विनोदी गोष्ट लवकर पाठ होते, कारण पुढे काय होणार ते डोक्यात असतं.

आधी गोष्ट मराठीत सांगून बघा, घरच्यांना, अगदी दोन मिनिटांत. प्रसंगांचा क्रम पक्का झाला की ओळी त्यावर बसतात. मग रोज एकच कडवं, चालत चालत, पावलांच्या तालावर. दुसऱ्या दिवशी पहिलं म्हणून मग दुसरं. शेवटचं कडवं सर्वांत आधी पक्कं करा. मधे कुठे घसरलात तरी शेवट ठाम असला की ऐकणारे बाकीचं विसरतात. आरत्या आणि श्लोक म्हणत वाढलेल्या माणसाला पाठांतर जड जात नाही, फक्त लाज सोडावी लागते.

पुस्तकात खुणा करायच्या तर मऊ पेन्सिलीनं.

लोकांसमोर

लोकसंगीताच्या आणि ग्रामीण उत्सवांत सकाळी 'पोएट्स ब्रेकफास्ट' नावाचा कार्यक्रम असतो. लोक चहा-नाश्ता घेत बसलेले असतात, एक जण सूत्रसंचालन करतो आणि ज्याला म्हणायचं आहे तो नाव देतो. जानेवारीत टॅमवर्थचा कंट्री म्युझिक उत्सव, ईस्टरला कॅनबेराचा नॅशनल फोक फेस्टिव्हल, जूनमध्ये लॉसनच्या जन्मगावी ग्रेनफेलला त्याच्या नावाचा उत्सव, ही ठळक ठिकाणं. छोट्या गावांतल्या कार्यक्रमांसाठी ऑस्ट्रेलियन बुश पोएट्स असोसिएशनच्या संकेतस्थळावरचं वेळापत्रक बघा.

पहिल्या वेळी फक्त ऐकायला जा. नवे कवी आपल्या कविताही म्हणतात, बहुतेक यमकात आणि छंदात, आणि त्या दुष्काळावर, ट्रकवर, आजोबांवर असतात. दुसऱ्या वेळी नाव द्या. किती मिनिटं मिळणार ते आधी विचारा. कवितेचं आणि कवीचं नाव सांगा, प्रस्तावना दोन वाक्यांत आटपा, आणि "माझं इंग्रजी सांभाळून घ्या" असं चुकूनही म्हणू नका. पॅटरसन, लॉसन, हार्टिगन यांच्या कविता ऑस्ट्रेलियात स्वामित्वहक्कातून मुक्त आहेत. हयात कवीची कविता म्हणायची तर त्याची परवानगी घ्या.

मी पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा 'ड्रोव्हर' म्हटली. नदीच्या कडव्यात एक ओळ सुटली आणि मी गप्प झाले. समोरच्या टेबलावरच्या एका आजींनी चहाचा कप खाली ठेवला आणि हलकेच ती ओळ पुरवली. मी ती घेऊन पुढे गेले. त्या खोलीत निम्म्या लोकांना ती कविता पाठ होती.

घरी त्याच कवितेची दुसरी प्रत आली की पहिली ऑप शॉपला परत द्या. तुमच्या पेन्सिलीच्या खुणा खोडू नका.